देवांखालचा समुद्र

मंगळवारी सकाळी देवघराखालच्या पेटीतला तिसरा शंख काचेवरून गळून वाळूत पडला, तेव्हा प्रभा कंबरेवर हात ठेवून देवघरासमोर उभी राहिली.

"आज काय घातलंत जाऊबाई? हळद का अंगारा?"

रुक्मिणीबाई गंध उगाळत राहिल्या. कोजागिरीपासून त्यांचं कार्तिकस्नान चालू होतं, आणि त्याच्या जोडीला नेम होता की पूजा होऊन देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. घरात सगळ्यांना हा नेम ठाऊक होता. प्रभालाही. म्हणूनच ती नेमकी ह्याच वेळेला विचारायची.

"बोलूच नका. ज्यानं केलं तो कशाला बोलेल?"

आतल्या खोलीतून एकनाथ बाहेर आला. अंगात गंजीफ्रॉक, हातात काचेची नळी. त्याने वाकून पेटीत पाहिलं, शंख नळीने उलटा केला आणि तो मेलाय याची खात्री झाल्यावर रुक्मिणीबाईंकडे पाहिलं. त्याचं ते पाहणं प्रभाच्या बोलण्याहून जास्त लागलं.

एकनाथ त्यांचा धाकटा दीर, प्रभाचा नवरा. अकरा वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून त्याचं न्हाणं-माखणं, ताप-खोकले, परीक्षेच्या सकाळी हातावर घातलेलं दही, सगळं रुक्मिणीबाईंनीच केलं. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. नवरा जाऊन सात वर्षं झाली. पूर्वी एकनाथ त्यांच्या घरी राहायचा; आता मुरारजी पेठेतल्या ह्या तीन खोल्या एकनाथच्या नावावर होत्या आणि रुक्मिणीबाई एकनाथच्या घरी राहत होत्या. दोन वाक्यांत मावेल एवढाच फरक, पण तो दिवसातून दहा वेळा जाणवायचा.

एकनाथ कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याला त्याने ही पेटी घरात आणली. दोन हात लांब काच, लोखंडी चौकट, तळाला वाळू, वाळूवर पोवळ्याचे दगड. दगडांवर फुलासारखी उमलणारी जिवंत समुद्रफुलं, शंख, एक पाच बोटांचा तारामासा आणि दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे. पाणीसुद्धा समुद्राचंच. त्याचा रत्नागिरीचा मित्र ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून एस.टी.च्या टपावर बांधून पाठवायचा. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी वीज बंद करून कुलूप लावायची आणि पेटीतला हवेचा पंप थांबून चालत नव्हता, म्हणून पेटी घरी आली. घरात प्लगची जागा एकच, मधल्या खोलीत, देवघराच्या फळीखाली.

"देवांच्या पायाशी मासोळी?" रुक्मिणीबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "आजवर ह्या घरात अंड्याचं टरफल आलं नाही."

"खायला नाहीत वहिनी. बघायला आहेत."

"वास तर खाण्याचाच येतोय."

हे त्या बोलल्या आणि तेच त्यांच्या अंगाशी आलं. पेटीतलं काही मेलं की प्रभा ते वाक्य काढायची. ज्यांना आल्या दिवसापासून घाण वाटली, त्यांच्याशिवाय कोण मारणार?

एकनाथने त्याच्या परीने शोध घेतला. पाण्यात काचेचा तरंगता मापक सोडून मीठ पाहिलं, बरोबर. दुपारी काचेवर ओलं फडकं घालून पाणी गार ठेवलं. चौकटीत काच बसवायला भरलेली लांबी खरवडून पाहिली. कागदाची पट्टी बुडवून रंग पाहिला. काहीच सापडेना. दोन्ही मासे मात्र ठणठणीत, खाऊन पिऊन काचेवर तोंड आपटत होते. त्यानेच तो जास्त चिडला.

"पाणी वाईट असतं तर आधी मासे मरायला हवेत," तो म्हणाला. "मासे जगतात आणि दगडावरचे जीव मरतात. म्हणजे कुणीतरी मुद्दाम काही टाकतंय."

मग धूप बंद झाला. कापूर बंद झाला. तुळशीचं पाणी बंद झालं. शेवटी मंगळवारच्या शंखानंतर प्रभाने देवच उचलून ताम्हनासकट स्वयंपाकघरात पाट्यावर नेऊन ठेवले आणि रिकाम्या फळीवर माशांच्या खाण्याचा डबा ठेवला. रुक्मिणीबाईंनी त्या दिवशी नैवेद्यानंतरही मौन सोडलं नाही. बोलल्या असत्या तर शाप तोंडून गेला असता.

त्याच रात्री एकनाथने पत्र लिहिलं. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात असलेल्या गंगाधरला, म्हणजे रुक्मिणीबाईंच्या भावाला. वहिनींना काही दिवस तुमच्याकडे न्या. पत्र त्याने त्यांच्यासमोर वाचून दाखवलं आणि मापकाखाली दाबून ठेवलं.

"शनिवारी प्राचार्य आणि विद्यापीठाचे पाहुणे पेटी बघायला येताहेत. त्याआधी अजून एक जीव गेला, तर मी हे टाकणार. मला वाईट वाटतंय वहिनी. पण टाकणार."

'काही दिवस' म्हणजे काय ते रुक्मिणीबाई जाणून होत्या. गंगाधरच्या दोन खोल्यांत सात माणसं. मागे पंधरा दिवस राहिल्या, तर भावजयीने त्यांचं अंथरूण मोरीच्या उंबऱ्याशी घातलं होतं आणि रोज विचारायची, "वन्सं, गाडीची वेळ विचारून ठेवू का?"

बुधवारी सकाळी सोजरबाई भांडी घासायला आली. मोरीत रुक्मिणीबाईंचं तांब्याचं घंगाळ पडलं होतं. त्यांच्या माहेरचं, आंघोळीचं. दसऱ्यापासून ते प्रभाच्या ताब्यात होतं. एस.टी.तून हिंदकळून आलेलं समुद्राचं पाणी गढूळ असायचं, ते फडक्याने गाळून रात्रभर निवळायला ठेवावं लागे. स्वच्छ भांड्यात ठेव, एवढं सांगून एकनाथ कॉलेजला जायचा. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात स्वच्छ भांडं हेच, म्हणून प्रभाने विचारल्याशिवाय ते उचललं. ज्यात मासोळीचं पाणी राहिलं त्याने कार्तिकस्नान कसं करायचं? रुक्मिणीबाई लोखंडी बादलीवर आल्या. घंगाळाकडे त्यांनी त्यानंतर वळून पाहिलं नव्हतं.

"बाई, ह्ये बघा की," सोजरबाईने घंगाळ कलतं केलं. आत, पाणी जिथवर असे तिथे, हिरवीगार रेघ उमटली होती. "लई कळकलंय. मिठाचं पानी ठिवत्यात व्हय ह्यात? आमच्यात वरणसुदिक ठिवत न्हाईत बिनकल्हईच्या तांब्यात. इख हुतंय त्याचं."

रुक्मिणीबाई घंगाळाकडे बघत राहिल्या.

आधी मनात उसळला तो राग. आईने दिलेलं भांडं! मग त्या रागाच्या मागून दुसरं काहीतरी आलं. सोमवारी आणि गुरुवारी पाणी बदलतात. मंगळवारी आणि शुक्रवारी जीव मरतात. दसऱ्यापासून एकदाही हे चुकलेलं नाही. दह्याला, ताकाला, चिंचेच्या सारालाही सोसत नाही ते तांबं, आणि हे तर निव्वळ खारं पाणी, आख्खी रात्र.

प्रभा मारत होती. आपल्या हातांनी, गाळून, निवळून.

"धाकल्या बाईंना सांगू का?" सोजरबाई उठली.

रुक्मिणीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग तिला खाली बस म्हणून हाताने खुणावलं आणि घंगाळ तसंच राहू दे, अशी खूण केली. सोजरबाईने खांदे उडवले आणि पातेली घासायला घेतली.

मौन आहे, त्या स्वतःला म्हणाल्या. दुपारी बारा वाजता नैवेद्य झाला, मौन सुटलं. त्यांनी भात वाढला, आमटी वाढली. प्रभा म्हणाली, "आमटीत मीठ आहे ना, का तेही पेटीत गेलं?" त्या क्षणी सांगायचं असतं. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "ताक घेणार का?"

गुरुवारी संध्याकाळी प्रभाने घंगाळातलं पाणी तांब्यातांब्याने पेटीत ओतलं. रुक्मिणीबाई दारात बसून वाती वळत होत्या. तारामासा काचेला चिकटला होता, पाचही बोटं पसरून. त्यांनी एकदा तोंड उघडलं. मग त्यांना स्वयंपाकघरातल्या पाट्यावरचे देव दिसले, आणि त्यांनी पुढची वात घेतली.

शुक्रवारी पहाटे तारामाशाची बोटं आत वळली होती. दोन समुद्रफुलं पिळून टाकलेल्या चिंधीसारखी झाली होती. एकनाथ कितीतरी वेळ पेटीसमोर उकिडवा बसून होता. मग त्याने शर्ट घातला, मापक उचलला आणि पत्र खिशात टाकलं.

"एकनाथ," रुक्मिणीबाई म्हणाल्या. पूजा व्हायची होती. सव्वीस दिवसांत पहिल्यांदा नेम मोडला. "ताक पिऊन जा."

"आत्ता?"

"एवढं पिऊन जा."

त्यांनी तांब्याचं फुलपात्र पुढे केलं. रात्रीच भरून ठेवलेलं. एकनाथने उभ्याउभ्या एक घोट घेतला आणि धावत मोरीत जाऊन थुंकला.

"वहिनी! कळकलंय हे! विष घालताय का मला?"

"तुला तोंड आहे, तुला कळलं. ते जीव थुंकणार कुठं?" त्यांनी मोरीतलं घंगाळ पायाने पुढे सरकवलं. "तुझ्या बायकोनं सगळं पाणी ह्यात निवळलंय. दसऱ्यापासून. बघ हात लावून."

एकनाथने हिरव्या रेघेवरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरलं. त्याचा चेहरा पडला.

"तांबं," तो म्हणाला. "माशांना थोडं चालतं. ह्यांना कणभर चालत नाही. वाचलं होतं मी पुस्तकात."

"पुस्तकात घंगाळ नव्हतं ना?"

प्रभा भिंतीला टेकली होती. तिचे ओठ पांढरे झाले होते. रुक्मिणीबाईंनी तिच्याकडे मनसोक्त पाहून घेतलं. इतके दिवस तिने जे दिलं होतं, ते सगळं त्या एका नजरेत परत केलं.

तेवढ्यात मागच्या दाराने सोजरबाई आली. मोरीत तिघांना घंगाळाभोवती बघून ती थांबली.

"कळलं व्हय एकदाचं? मी परवाच म्हनलं व्हतं की. बाईंनी गप म्हनून खुनावलं, म्हनून मी न्हाई बोलले."

पंपाची घरघर तेवढी चालू होती.

"परवा?" प्रभा भिंतीपासून सुटली. "परवा म्हणजे बुधवारी. काल संध्याकाळी मी पाणी घालत होते, तेव्हा तुम्ही इथं बसला होतात. ह्या दारात. वाती वळत."

"माझं मौन—"

"मौन बाराला सुटतं! परवा दुपारी तुम्ही मला विचारलंत, ताक घेणार का म्हणून!" तिचा आवाज फाटला. "मला माहीत नव्हतं. मी अडाणी, मी मारले. तुम्ही बसून बघितलेत. कार्तिक पाळताय ना? मुंगीला साखर घालता सकाळी!"

हेच रुक्मिणीबाईंनी दोन दिवस स्वतःला विचारू दिलं नव्हतं. एकनाथ त्यांच्याकडे बघत होता, आणि आता त्या बघण्यात संशय नव्हता. खात्री होती. संशयच बरा होता, त्यांना वाटलं.

त्याने खिशातून पत्र काढलं. टाकायचं की फाडायचं हे त्यालाही कळत नसावं, कारण तो ते हातात उलटसुलट करत राहिला.

"फाडा ते," प्रभा म्हणाली. "राहू दे त्यांना इथंच. कुर्डुवाडीला गेल्या तर सुटतील. आजपासून पेटीचं पाणी त्या बघतील. गाळायचं, निवळायचं, घालायचं, सगळं. आता काही मेलं, तर मला विचारत बसायला नको."

"प्रभा," एकनाथ म्हणाला. पत्र मात्र त्याने फाडलं. एकदा, मग आणखी एकदा.

अंथरूण मोरीच्या उंबऱ्याशी पडणार नव्हतं. हवं होतं ते मिळालं होतं. रुक्मिणीबाईंनी सोजरबाईला सांगितलं, "पडवीतला मातीचा रांजण धुऊन आण. नवं पाणी त्यात निवळू." आवाज नेहमीसारखाच निघाला असं त्यांना वाटलं, पण तिने दोनदा विचारलं तेव्हा कुठे तिला ऐकू गेलं.

मग त्यांनी पदर खोचला. पारोशा हाताने देवाचं भांडं न उचलणारी ती बाई कोपरापर्यंत त्या खाऱ्या पाण्यात उतरली. पाणी कोमट होतं. तारामासा बोटांना लागला तसा त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी तो तळव्यावर घेऊन बाहेर काढला आणि केळीच्या पानावर ठेवला. मासे बाजूला होऊन पुन्हा जवळ आले.

प्रभा हाताची घडी घालून मागे उभी होती.

"दगडाखाली अजून दोन आहेत," ती म्हणाली. "नीट बघा."