बाबांचा आठचा चहा

मी अमरावतीत बसून पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिते. एकदा वेळ लावून दिली की तो आपली कामं आपणच करतो: कापसाचे भाव दर तासाला, बॅकअप पहाटे, आणि बाबा सकाळी आठला. वडील-मुलीच्या नात्यावरच्या जाड कादंबऱ्या वाचून रडणारी मी स्वतःच्या वडिलांसाठी एक ओळ लिहून मोकळी झाले होते. ती ओळ अकोटला त्यांच्या फोनवर रोज विचारायची, "बाबा, चहा झाला का?" ते लिहायचे, "झाला." उत्तरं एका फाइलमध्ये जमत. रविवारी मी ती एकदम वाचायचे. सात वेळा "झाला", म्हणजे बाबा ठीक.

बाबांची तेरवी आटोपून परतले आणि दुपारी ती ओळ पुसायला बसले. फाइलमध्ये आजचं उत्तर होतं. "झाला."

जरा वेळानं आईला फोन लावला.

"मीच लिवलं," आई म्हणाली. "त्यायचा फोन माह्याजवळच हाय. दीड वाजले का टुंग वाजते, मंग मी चहा ठेवतो."

"दीड? आई, तो सकाळी आठचा मेसेज हाय."

"कायचे आठ! दोन वर्षं झाले, भर दुपारी चहा पिऊन राहिलो आमी. मे महिन्यात बी. मी म्हणो, काहून जीव जाळता? तं म्हणत, पोरगी इंजिनियर हाय, इचार करूनच टाइम ठेवला असन. अन् न पिता 'झाला' कसं लिवू?"

मी ती ओळ पाहिली. प्रोग्रॅम ज्या सर्व्हरवर चालतो त्याचं घड्याळ ग्रिनिचचं, आपल्या साडेपाच तास मागे. गिऱ्हाइकांच्या सगळ्या कामांना मी आठवणीनं भारतीय वेळ लावली होती. लावायची राहिली ती या एकाच ओळीत.

"बंद करून राहिली का ते?" आईनं विचारलं. "तसं सांग. दूध कमी करा लागन. एकटीपुरता काय चहा ठेवा."

"उद्यापासून मीच इचारतो."

"तू?" आई म्हणाली.

ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये अडकले. एक बेचाळीसला फोन लावला.

"आई, चहा झाला का?"

"आटून काढा झाला त्याचा. बारा मिनटं वाट पायली. तुह्यापक्षा ते मशीन बरं होतं, टायमावर यायचं." भांड्याचा आवाज आला. "थांब, गाळतो. फोन ठेवू नको."