टाचांच्या खळग्या

कुर्रर्र.

सुट्टीच्या दुपारी घर शांत होतं. तेवढ्यात हा आवाज झाला आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "हललीस? काय सांगितलं होतं मी?"

मित्रांनो, माझ्यावर बसलेली पोर हललीच नव्हती. कुरकुरले ते मी. मी एक जुनी, गुडघ्याएवढी लाकडी खुर्ची आहे, आणि सध्या माझा नुसता संताप संताप होतोय.

मला एका सुतारानं घडवलं. दाराची चौकट करून जे लाकूड उरलं, त्यातून आपल्या लेकीसाठी. तिला कुठं टोचू नये म्हणून त्यानं माझे कोपरे तीन दिवस घासले. पुढच्या दोन पायांमध्ये एक आडवी पट्टी ठोकली. ती लेक माझ्यावर बसून जेवली, बाहुल्यांना ओरडली, दात पडला तेव्हा रडलीही. येणारे-जाणारे म्हणायचे, "वा, काय सुबक काम आहे!" मग ती मोठी झाली आणि मी माळ्यावर गेले. वीस वर्षं धूळ खाल्ली. त्याचा मला राग नाही. राग आला तो खाली उतरवल्यावर.

त्या लेकीला आता साडेतीन वर्षांची मुलगी आहे. एका जागी ठरत नाही, म्हणून घरात तिला खारूताई म्हणतात. आई दवाखान्यात कामाला जाते आणि ही बालवर्गात. एका संध्याकाळी बालवर्गाच्या बाई घरी आल्या, पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "ताई, हिनं आज तिसऱ्या मुलाला चावलं. वर्गात फुगे आले म्हणून! पुन्हा असं झालं तर मला हिला ठेवून घेता यायचं नाही."

आईचा चेहरा उतरला. बालवर्ग सुटला की नोकरीही सुटणार. "रागीट आहे हो. बापावर गेलीय."

"रागीट? छे! राग आला की ती गुपचूप कोपऱ्यात बसते. आनंद झाला की चावते. तो तिच्या अंगात मावत नाही. चावायचं नाही, हे पक्कं सांगा. पण आनंदाला दुसरी वाट काढून द्या."

आईनं पहिलं ऐकलं, दुसरं ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून खाली आले. "मजा वाटली की इथं येऊन बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट!"

बाबांचा फोन आला, बस खुर्चीवर. खिडकीत पाखरू आलं, बस खुर्चीवर. अहो, एवढ्याशा जिवाला कुणी आनंदाची शिक्षा देतं का? आणि ती द्यायला मीच सापडले? ती माझ्यावर बसून थरथरायची. एकदा तिनं माझ्या हातावर दात रोवले. मी सोसलं. पण त्या सुट्टीच्या दुपारी तिनं स्वतःच्याच मनगटाचा चावा घेतला आणि हुंदका गिळला. तेव्हा मी कुरकुरले. आईला वाटलं, ही हलली.

तेवढ्यात दार वाजलं. मामा आला. त्याच्या शर्टात मांजरीचं पिल्लू होतं, मुठीत मावेल एवढं.

खारूताई माझ्यावरून उसळली. डोळे मोठे, तोंड उघडं. आई ओरडली, "धर तिला! चावेल!"

पोर जागच्या जागी थबकली. पिल्लाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि धावत परत माझ्यावर येऊन बसली. मग तिच्या टाचा माझ्या पट्टीवर आदळू लागल्या. धडधड, धडधड! भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

"पाय गप्प ठेव!"

"आई, मी चावत नाहीये," ती धापा टाकत म्हणाली. "माझे पाय हसतायत."

आईचा वर गेलेला हात तसाच राहिला. थोड्या वेळानं धडधड आपोआप मंदावली. खारूताई उतरली आणि एका बोटानं, अगदी हळू, तिनं पिल्लाच्या कानाला स्पर्श केला. मामा हसायला लागला. "अगं ताई, तुझीच लेक शोभते! तू काय कमी धुडगूस घालायचीस या खुर्चीवर? बघ की खाली वाकून."

आई उकिडवी बसली. माझ्या पट्टीवर दोन खळग्या आहेत, झिजून गुळगुळीत झालेल्या. त्या पाडणाऱ्या टाचा कशा थांबल्या, तेही मला आठवतं. तिच्या आत्यानं एक दिवस ते छोटे पाय रिबिनीनं एकत्र बांधले. "मुलीच्या जातीला शोभत नाही," म्हणाली. त्या दिवशी मी साधी कुरकुरलेही नाही. मित्रांनो, माझा सगळ्यात जुना राग हाच आहे, आणि तो माझ्यावरच आहे.

म्हणून आज मोठ्यांना बजावते. मला पॉलिश नको, कौतुक नको. कुणाला दुखवायचं नाही, हे मुलांना जरूर शिकवा. पण नाचायला, टाळ्या पिटायला, पाय आपटायला जागाही द्या. त्यासाठी माझ्या पट्टीचे तुकडे झाले तरी चालतील.

खारूताई आईशेजारी वाकली आणि एका खळगीत बोट घातलं. "ह्या कुणाच्या?"

"माझ्या."

पोरीनं आईच्या टाचांकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं.

"मग आता तू का नाही वाजवत?"