काशीरामच्या गाडीचं दार

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे ती चाल नाही आणि मला कधी गरजही पडली नाही. दांडीपासून मेढ्यापर्यंत सगळे त्यांना मेस्त म्हणतात, तेच मीही म्हणते. मेस्तांनी बांधलेली होडी पाणी घेत नाही, हे मालवणातलं शेंबडं पोरही सांगेल. मेस्त स्वतः तर कोणी न विचारता सांगतात. जेवताना सांगतात, न्हाव्यापुढे मान वाकवून बसले तरी सांगतात. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. पुढे कान किटले, पण बढाई खोटी नव्हती, म्हणून मी गप्प राहायचे.

काशीराम आमच्याच वाडीतला. त्याचा बाप दर्यावर जायचा, हा मात्र गाडीवर गेला. बेळगावच्या कोणा साहेबाची जुनी गाडी त्यानं आणली होती. साहेब विलायतेला परत गेला आणि गाडी मागे राहिली. तिचा सांगाडा सगळा लाकडी. खांब लाकडाचे, दारं लाकडाची, टपाला लाकडी पट्ट्या, आणि वरून पत्रा नि कॅनव्हास. एस.टी. अजून आतल्या गावांत जात नाही, त्यामुळे मसुऱ्याला जायचं तर काशीरामची गाडी, नाहीतर स्वतःचे पाय. पावसात ती गाडी अशी गळायची की माणसं आत बसून छत्र्या उघडायची. तुळसा मासेवाली रोज मासे घेऊन त्याच गाडीनं मसुऱ्याला जायची. येताना ती रिकामी पाटी डोक्यावर पालथी घालून बसायची आणि म्हणायची, "काशीराम, पुढच्या येळाक वल्ही घेवन येतंय."

लोकांचं हसणं ऐकून ऐकून एका वैशाखात काशीरामनं गाडी मेस्तांच्या मांडवात आणून उभी केली. मांडव म्हणजे किनाऱ्यावरची नारळाच्या झापांची शेड, तिथे मेस्त होड्या बांधतात.

"मेस्तानू, गाडी गळता. कायतरी करा."

मेस्तांनी गाडीभोवती फेरी मारली, बोटाच्या पेरानं जागोजागी ठोकून बघितलं आणि हसले. "अरे, ही गाडी खंयची? ही होडीच. चाकां लायली म्हणान गाडी जाता काय?"

आणि काम त्यांनी खरोखर जीव लावून केलं. ते मी नाकारणार नाही. कुजलेले खांब काढून फणसाचे घातले. दारांच्या खालच्या पट्ट्या बदलल्या. टपाच्या पट्ट्या नव्यानं वाकवून बसवल्या, त्यावर कॅनव्हास ताणला, आणि राळ नि उंडीचं तेल एकत्र कढवून त्याचे हात दिले. जिथे जिथे सांधा होता तिथे तेलात भिजवलेला कापूस पटाशीनं ठोकून बसवला, अगदी होडीच्या फळ्यांमध्ये बसवतात तसा. मी दुपारी पेज घेऊन जायचे तेव्हा ते गाडीखाली आडवे पडून गुणगुणत असायचे.

एक दिवस गेले तर ते दारं उपडी करून बघत होते. प्रत्येक दाराच्या तळाला भोकं होती, करंगळी जाईल एवढी.

"बघलंस गो? भोकां!" ते मला म्हणाले. "साहेबाच्या सुतारांनी दाराक भोकां ठेवल्यानी. आणि मगे गाडी गळता म्हणान रडतत."

काशीराम तिथेच होता. जरा चाचरत म्हणाला, "मेस्तानू, ती पयल्यापासून आसत. कायतरी कामाची असतली."

"होडयेक खंय भोकां असतत रे? तू मोटार चालव. लाकूड माका शिकव नको."

काशीराम फडकं घेऊन काच पुसायला लागला. मेस्तांनी खैराच्या खुंट्या तासल्या, राळेत बुडवल्या आणि एकेक भोक ठोकून बंद केलं.

काम झालं तेव्हा त्यांनी अर्धी वाडी गोळा केली. स्वतः धुतलेला पांढरा सदरा घालून गाडीत जाऊन बसले आणि लोकांना टपावर घागरी ओतायला लावल्या. बायका ओतून दमल्या. मेस्त बाहेर आले ते सदरा चिमटीत धरून, गोल फिरून सगळ्यांना दाखवत. थेंब नव्हता. तोच सदरा घालून ते बाजारात गेले आणि दिवेलागणीला घरी आले.

पहिला पावसाळा छान गेला. गाडीत छत्री उघडायची गरज उरली नाही, आणि मेस्तांच्या बढायांत गाडीची भर पडली. दुसऱ्या पावसाळ्यात काशीराम एकदा मांडवात येऊन म्हणाला, "पुढचा दार जड झालां, मेस्तानू. वळणावर आत डुबुक डुबुक वाजता."

मेस्तांनी रंध्यावरून मान वर केली नाही. "दार हळू लाव. आपटतंस कित्याक?"

तो पुन्हा आला. म्हणाला, दार खाली लोंबतंय, दोरीनं बांधून चालवतोय, एकदा बघून घ्या. मांडवात तेव्हा चारपाच माणसं बसली होती. मेस्त त्यांच्याकडे बघत म्हणाले, "तू गाडी चालवतंस काय दाराबरोबर कुस्ती खेळतंस?" सगळे हसले. काशीरामही कसंनुसं हसला आणि गेला.

मग त्याच पावसाळ्यात चतुर्थी आली. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की लोक माशांवर तुटून पडतात, म्हणून तुळसा भरलेली पाटी घेऊन निघाली होती. नेहमीसारखी दाराशीच बसली होती, पाटीचं पाणी दुसऱ्यांना लागू नये म्हणून. मसुऱ्याच्या वळणावर ते दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि तुळसा त्याच्याबरोबर रस्त्यावर गेली. जीव वाचला. उजवा खांदा मोडला. हाडवैद्यानं बांधला, पण तो हात आता खांद्याच्या वर जात नाही. मासे विकणाऱ्या बाईचा हात वर जात नाही म्हणजे काय, ते आमच्या किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

बाजारात पहिला प्रश्न हाच, की मेस्तांनी केलेलं दार तुटलं कसं? मेस्तांनी उत्तर तयार ठेवलं होतं. काशीराम गाडीत माणसं कोंबतो. दारं आपटतो. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण चहाच्या दुकानात कोणीतरी जास्त खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "घेतलेली पण असतली. कोणी बघलां?"

काशीराम दारूला शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ते वाक्य चिकटलं. लोक मसुऱ्याला चालत जाऊ लागले आणि गाडी तीन दारांनिशी वडाखाली उभी राहिली. काशीरामनं कोणाला एक शब्द उलट दिला नाही. मेस्त घरी म्हणाले, "बघ, गप आसा. चूक असल्याशिवाय माणूस गप ऱ्हवता?" मलाही ते पटलं.

पावसानं उघडीप दिल्यावर काशीराम एका सकाळी हातगाडी घेऊन आला. पुढच्या अंगणात न थांबता मागे विहिरीकडे गेला. जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळलेलं दार त्यानं उतरवून भिंतीला टेकवलं.

"काकी, मेस्तांका दाखव. दुसऱ्या कोणाक नको," एवढंच म्हणाला आणि गेला.

मी कापड काढून दार सरळ करायला गेले, तर ते हलेना. जोर लावला तेव्हा आतून भरल्या घागरीसारखा आवाज आला. मी मेस्तांना हाक मारली. त्यांनी दार तिरकं केलं, कान लावला. मग तळाच्या पट्टीवर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला, चहात बुडवलेल्या बटरात जावा तसा. फणसाचं लाकूड, त्यांनी स्वतः निवडलेलं. बिजागरीकडची उभी पट्टीही तशीच कुजलेली. खुंट्या मात्र जशाच्या तशा. एकही हलली नव्हती, एकीतूनही पाणी पाझरलं नव्हतं.

काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते बाहेर जावं म्हणून साहेबाच्या सुतारांनी खाली भोकं ठेवली होती. हे मलासुद्धा तिथे उभ्या उभ्या कळलं, मग मेस्तांना किती कळलं असेल! पावसाळ्यात ओढून ठेवलेली होडी कोणी उताणी ठेवली तर हाच माणूस त्याच्या अंगावर धावून जायचा. भरेल, कुजेल, पालथी घाल, म्हणून ओरडायचा. आणि ह्यानंच गाडीची चारही दारं भरायला ठेवली होती.

मला वाटलं, आता ते खाली बसतील. त्यांनी कुंपणाच्या वईपलीकडे बघितलं. कोणी नव्हतं. पटाशी आणली आणि भराभर खुंट्या उचकटायला लागले. काळं, घाण वासाचं पाणी माझ्या अळवात शिरलं. एक खुंटी आतच तुटली. बाकीच्या त्यांनी माझ्यापुढे धरल्या.

"चुलीत घाल."

ह्या माणसाच्या बढायांना मी हसले होते, चिडले होते, पण त्यांची लाज मला कधी वाटली नव्हती. ती त्या क्षणी वाटली, इतकी की त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"तुमीच घाला," मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले, हातात खुंट्या घेऊन. तेवढ्यात काशीराम कापड न्यायला परत आला. त्यानं पाणी बघितलं, खुंट्या बघितल्या. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"दुसऱ्या दारांच्यो मी काढलंय, मेस्तानू," तो हळूच म्हणाला. "कोणी बघूक नाय. ह्यां दार बाजारात दुरुस्तीक न्हेलां असतां तर सगळ्यांनी खुंट्यो बघल्यानी असत्यो. म्हणान हंय हाडलंय."

मेस्तांनी खुंट्या कठड्यावर ठेवल्या. "मी बाजारात काय सांगलंय, ता तुका..."

"कळलां."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

काशीराम कापडाची घडी घालत होता. "तुफानात बाकीच्यो होडयो गेल्यो, तुमच्या होडयेन माझ्या बापाशीक परत हाडल्यान. तुमच्या कामात खोट आसा म्हणान मी खंयच्या तोंडान सांगू?"

घडी काखेत मारून तो गेला. मेस्त विहिरीच्या कठड्यावर बसले ते जेवायला उठले नाहीत. मी दोनदा हाक मारली, मग सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तोच पांढरा सदरा घातला आणि ते दार डोक्यावर घेतलं. मी कापड पुढे केलं. "नको," म्हणाले. मी खुंट्या पदरात बांधून मागून चालले. भर बाजारातून, चहाच्या दुकानावरून, मासळीबाजारापर्यंत. लोक विचारत होते, मेस्त चालत होते.

तुळसा एका कोपऱ्यात बसली होती, खांदा बांधलेला, पुढे थोडेसे बांगडे. मेस्तांनी दार तिच्यापुढे आडवं ठेवलं.

"हेची भोकां मी बुजवलंय," ते म्हणाले. "पाणी भीतर रवला, लाकूड कुसला. काशीराम माका सांगूक इल्लो, मी आयकूक नाय. तो दारू पिणा नाय. मी खोटा बोललंय."

आवाज इतका बारीक की मागून कोणीतरी ओरडलं, "काय म्हणतत? आयकाक येणा नाय!"

म्हणून त्यांना ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं. 'खोटा बोललंय'वर आवाज फाटला. मी जमिनीकडे बघत राहिले.

तुळसानं मेस्तांकडे बघितलं नाही. तिनं चांगल्या हातानं दाराच्या तळावरून बोट फिरवलं, आत तुटून राहिलेल्या खुंटीवर थांबवलं, हलवून बघितलं.

"घट्ट बसवलात पण," ती म्हणाली. मग उठून उभी राहिली. "माका वाडयेत जावचा आसा. पाटी चढवा."

तिच्या डोक्यावर पाटी चढवायला आता रोज कोणीतरी लागतं. मेस्त वाकले. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत त्यांनी पाटी उचलली. सवय नव्हती, म्हणून पाटी कलंडली आणि माशांचं पाणी सदऱ्याच्या छातीवरून खाली ओघळलं. तुळसानं डाव्या हातानं पाटी सावरली.

"सोडा आता," ती म्हणाली आणि निघून गेली.

काशीरामच्या गाडीला मेस्तांनी नवीन दार करून दिलं. माणसं परत बसायला लागली आहेत. तुळसानं मात्र माफ केलं असं कधी म्हटलं नाही, आणि मेस्तांची विचारायची छाती नाही. ते रोज सकाळी मासळीबाजारात जातात, तिची पाटी चढवतात आणि गुपचूप परत येतात. जाताना तोच सदरा घालतात. मी तो रोज धुते. वास काही जात नाही, आणि दुसरा काढून ठेवला तर ते घालत नाहीत.