पूजेआधीचा चहा

सिंधूच्या बाळानं दवाखाना डोक्यावर घेतला होता आणि शिवगंगा सिस्टरला त्याचंच बरं वाटत होतं. जुलाब झालेलं पोर एवढं रडतंय, म्हणजे अंगात जीव आहे. तिला धास्ती वाटायची ती निपचित पडलेल्या पोरांची, आणि त्या दुष्काळात तशी फार येत. जिल्हा नवा झाला होता, पाटीवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलं होतं. विहिरींना मात्र त्याचा पत्ता नव्हता.

बाळाला मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगून ती वळली. भिंतीला टेकून सिंधूची सासू गुरम्मा बसली होती, नुसती सोबतीला आलेली. सिस्टरनं तिची विचारपूस केली. म्हातारी हसली, उत्तर सिंधूनं दिलं.

"आत्याबाई लई शान्या झाल्यात. गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याबिगर पान्याचा घोट घेत न्हवत्या. आज उठल्या उठल्या च्या मागितला."

सिंधूला हायसं वाटत होतं. टँकरचं पाणी आधी सासूच्या आंघोळीला जायचं, यावरून घरात रोज कुरबुर चालायची.

शिवगंगाला ते खटकलं. तीही लिंगायताचीच लेक. तिची आजी तापानं फणफणली तरी पूजा चुकवत नसे. जन्माची सवय म्हातारं माणूस एका सकाळी उगीच सोडत नाही.

तिनं गुरम्माचा हात धरला. ताप नव्हता. हात गार, श्वास मात्र भरभर चाललेला.

"अव्वा, आज वार कोणता?"

गुरम्मानं आपल्या थोरल्या भावाचं नाव सांगितलं.

डॉक्टरांनी छाती तपासली, न्यूमोनिया रक्तात भिनलाय म्हणाले, सलाईन लावून जीप लातूरला काढायला सांगितली. ताप नाही, खोकला नाही, मग लातूर कशाला, असं गुरम्माचा मुलगा विरूपाक्ष कुरकुरला.

"म्हाताऱ्या माणसाला ताप येतोच असं न्हाई," शिवगंगा म्हणाली. "बसा लवकर."

जीप फारच लवकर परत आली. गुरम्मा मधल्या सीटवर ताठ बसली होती. क्षणभर शिवगंगाला आनंद झाला. मग म्हातारीच्या कपाळावरून सीटला बांधलेला टॉवेल दिसला. वाटेत औशाच्या अलीकडेच सगळं संपलं होतं. लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. अंग आखडायच्या आत लेकानं आईला बसवलं होतं.

सिंधूनं व्हरांड्यातून जीप पाहिली.

"बसून आल्या की आत्याबाई," ती म्हणाली आणि बाळाला कडेवर घेऊन लगबगीनं पायऱ्या उतरू लागली.