गाळलेला ठोका

शनिवारी दुपारी छापखान्यातली यंत्रं बंद झाली, कामगार हात धुऊन घरी गेले, की मागच्या खोलीत तिघांची बैठक बसायची. कागदाच्या गठ्ठ्यांनी तिन्ही भिंती झाकलेल्या. शाईच्या डब्यांच्या फळीखाली जुना रेकॉर्ड प्लेअर आणि त्याच्यासमोर तीन खुर्च्या. एक छापखान्याच्या मालकाची, एक दातांच्या डॉक्टरची आणि एक निवृत्त गणितमास्तरांची.

तरुणपणी या तिघांचा बँड होता. ते प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचे. म्हणजे एकच गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाणार, चारच्या जागी मध्येच सात मात्रा येणार, आणि हौसेने नाचायला उठलेला माणूस पाय कुठे टाकावा ते न कळून गुपचूप खाली बसणार. साहजिकच बँडचं पोट भरलं नाही. ऑर्गन वाजवणारे मास्तर एका मित्राला सोबत म्हणून शाळेतल्या मुलाखतीला गेले, मित्र घाबरून पळाला आणि नोकरी यांच्या गळ्यात पडली. बेस गिटारवाला दातांकडे वळला. ड्रम वाजवणाऱ्याला बायकोबरोबर सासऱ्याचा छापखाना मिळाला. त्याला सगळे ठोक्या म्हणत, अजूनही म्हणत. औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापताना यंत्राच्या तालावर त्याची बोटं टेबलावर चालूच असायची.

‘माझ्यापुढे दिवसभर लोक तोंड उघडून बसतात,’ डॉक्टर म्हणायचा, ‘पण एक जण बोलेल तर शपथ.’ म्हणून शनिवारी तो दोघांच्या वाटचं बोलून घ्यायचा.

कोणती रेकॉर्ड ऐकायची यावरून सुरुवातीला इतकी भांडणं व्हायची, की ठोक्याने एक फासा आणला. सहा रेकॉर्डी ओळीने लावायच्या आणि फासा टाकायचा, पडेल ती ऐकायची. नियम दोनच. फाशाचा शब्द शेवटचा. आणि एकदा वाजलेलं त्या दिवशी पुन्हा लावायचं नाही. डॉक्टरच्या नावडीची बासरीवाली रेकॉर्ड लागोपाठ तीन शनिवार आली, तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला, पण ऐकली त्याने मुकाट्याने. फाशाचा शब्द कधी कुणी मोडला नाही.

त्या बासरीवरूनच एकदा योगायोगाचा विषय निघाला होता. डॉक्टरला वाटत होतं फाशात काहीतरी खोट आहे. मास्तरांचा चेहरा उजळला, कारण हा त्यांचा लाडका धडा. वर्गात ते निम्म्या मुलांना खरोखर नाणं उडवून छापा-काटा लिहायला सांगत आणि निम्म्यांना मनानेच लिहायला. मग कागद बघून कुणी मनाने लिहिलंय ते ओळखत. मुलांना वाटे मास्तरांना जादू येते. मास्तर त्यांना जवळ बसवून सांगत, ‘बाळांनो, मनाने लिहिणारा छाप्यामागून काटा, काट्यामागून छापा असं वाटून देतो. त्याला वाटतं, झाले की आता पुष्कळ छापे. नाण्याला तसं वाटत नाही. नाण्याला आठवण नसते.’

‘म्हणजे आपल्या गाण्यातही नाणंच वाजत होतं म्हण की,’ ठोक्या म्हणाला होता. त्यांच्या एकुलत्या एक टेपमध्ये त्याच्या हातून काठी निसटली होती आणि एक ठोका गेला होता. बाकीचे दोघे त्या खड्ड्यात त्याच्यापाठोपाठ उतरले आणि गाण्यातली सगळ्यात सुंदर जागा तीच झाली. ती जागा कुणाची, माणसाची की योगायोगाची, हा त्यांचा आयुष्यभराचा वाद होता.

मग एका शनिवारी ठोक्याने मनगट पुढे केलं. ‘बघा रे जरा, काय वाजतंय.’

मास्तरांनी नाडीवर बोटं ठेवली. सहा ठोके आणि एक गायब. पुन्हा सहा, एक गायब. मग चारच, आणि गायब. मास्तर डोळे मिटून मोजत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ‘अरे, हा सातात चाललाय. आणि मध्येच फसवतोय.’

ठोक्या लहान मुलासारखा खूश झाला. तपासणीत निघालंय, त्याने सांगितलं. हृदयाच्या डॉक्टरांचं म्हणणं, छातीत एक छोटं यंत्र बसवायचं, म्हणजे एकही ठोका गळणार नाही. ‘जन्मभर ज्याच्यासाठी धडपडलो ते आता आपोआप वाजायला लागलं, तर हे मला सरळ चारात बसवणार.’

‘आधी बसवून घे,’ दातांचा डॉक्टर म्हणाला. ‘चेष्टा नाही ही.’

‘तू दाढा बघ,’ ठोक्या म्हणाला, आणि तिघंही हसले. मास्तर सगळ्यात जास्त हसले. पुढच्या शनिवारी तर त्यांनीच सुचवलं, की हा ठोका टेप करू आणि त्याच्यावर नवं गाणं बांधू. स्टेथोस्कोपच्या नळीत बारकासा माइक खोचून ठोक्याच्या छातीचा आवाज टेपवर उतरवला गेला. चाळीस वर्षांत मास्तरांच्या बोटांना अशी घाई झाली नव्हती.

छापखान्याच्या वरच ठोक्याचं घर. त्या दिवशी जिन्यापाशी वहिनींनी मास्तरांना थांबवलं. हात ओले होते, ते त्या पदराला पुसत राहिल्या.

‘भावजी, तारीख दिलीय दवाखान्यानं. हे पुढे ढकला म्हणतात. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. सांगाल ना?’

‘सांगतो वहिनी,’ मास्तर म्हणाले.

आणि खाली येऊन त्यांनी सांगितलंही. ठोक्याने ऐकून घेतलं, मान हलवली. मग म्हणाला, गाणं अर्धवट टाकून टेबलावर झोपायचा आपला विचार नाही. पण मास्तर म्हणतोय तर आपण कशाला ठरवायचं, फाशाला विचारू. सम आला तर दिलेल्या तारखेला यंत्र. विषम आला तर गाणं संपल्यावर.

डॉक्टर उठून उभा राहिला. हे त्याला अजिबात मान्य नव्हतं, फासा रेकॉर्डींसाठी आहे, असं काहीसं तो बोलत होता. ठोक्याने फासा मास्तरांच्या तळहातावर ठेवला होता. तो खिशात घालायला हवा होता. पण मास्तरांच्या मनात गाणं होतं, आणि निम्मी शक्यता ही काही वाईट शक्यता नाही असंही त्यांना त्या क्षणी वाटलं.

त्यांनी टाकला. तीन पडले.

गाणं संपलं नाही. पुढच्या शनिवारच्या आधीच एका सकाळी दाढी करता करता ठोक्या बेसिनपाशी खाली बसला. वहिनी हाक मारत आल्या तेव्हा नळ चालूच होता.

पुढे कितीतरी शनिवार मागची खोली बंद राहिली. मग वहिनींनीच निरोप पाठवला. दोघं आले, तर तिसऱ्या खुर्चीत त्या बसलेल्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्या कधी बसल्या नव्हत्या. फासा प्लेअरच्या झाकणावर होता तिथेच होता. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

‘तीन पडले म्हणे,’ वहिनी म्हणाल्या. ‘रात्री जेवताना हसत सांगत होते.’

डॉक्टर जमिनीकडे बघत होता. मास्तर हो म्हणाले.

‘भावजी, एक विचारू? चार पडले असते तर बसवलं असतं का हो यांनी यंत्र?’

मास्तरांना कळलं, इथे उत्तर दोन प्रकारे देता येईल. नसतं बसवलं, त्याने काहीतरी सबब काढली असती. एवढं म्हटलं तर वहिनींनाही बरं वाटेल आणि आपल्यालाही रात्री झोप लागेल. वर्गात कुणी चुकलं तर ते त्याला वेळ देत, घाई करत नसत. आता वहिनी त्यांना तसाच वेळ देत होत्या.

‘बसवलं असतं,’ मास्तर म्हणाले. ‘फाशाचा शब्द त्याने कधी मोडला नाही. मी टाकायलाच नको होता, वहिनी.’

वहिनी ‘ठीक आहे’ म्हणाल्या नाहीत, ‘जाऊ दे’ही म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी ती टेप मागितली. वरचं गाणं काही नको, नुसता ठोका.

डॉक्टरने टेप लावली. आधी खरखर, मग कागदांच्या त्या खोलीत ठोक्याचं हृदय चालू लागलं. सहा, आणि गायब. सहा, आणि गायब. मास्तरांनी सवयीने मोजायला घेतलं आणि तिथेच सोडून दिलं. वहिनींचे डोळे मिटलेले होते. ठोका गळला की त्यांचा श्वास अडकायचा आणि पुढचा आला की सुटायचा. एके ठिकाणी मधली जागा जरा जास्तच लांबली. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग ठोका आला. टेपच्या शेवटी ठोक्याचा आवाज होता, ‘झालं का रे?’ असा, आणि कट.

‘पुन्हा लावा,’ वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठले आणि त्यांनी टेप मागे फिरवायला घेतली.