टॅब दाबला होता

तिने सामाईक संगणकाचा पडदा स्वतःकडे खेचून घेतला. बुवांनी सकाळी दिलेली आज्ञा अजून तिथेच होती: काढून टाक, पुढे t, आणि त्याला चिकटून एक तारा. म्हणजे t पासून सुरू होणारं जे जे असेल ते सगळं. त्यात temp नावाचा कचरा गेला, आणि titvi देखील गेली. तीन हंगाम नदीकाठी पोटावर पडून तिने टिपलेले टिटवीचे आवाज. नक्कल होती ती फक्त पहिल्या हंगामाची.

“मी टॅब दाबला होता, मॅडम,” मागून बुवा म्हणाले. निवृत्तीला टेकलेले बुवा टपालाच्या टेबलावरून प्रयोगशाळेत बदलून आले होते. आज्ञा टंकायची संगणकाची ही काळी खिडकी त्यांना तिनेच शिकवली होती.

“दाबला असता तर काय काय पुसलं जाणार त्याची नावं आधीच दिसली असती.”

“काही दिसलं नाही.”

“मग माझ्या टिटव्या काय आपल्या आपण उडून गेल्या?”

बुवांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुन्हा पुसला. त्या पुसण्यानेच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक एक वेळ समजू शकते, पण वर खोटं?

ती तरातरा आपल्या टेबलाशी गेली. t पासून सुरू होणाऱ्या चार रिकाम्या फायली बनवल्या, t आणि तारा लिहून टॅब दाबला. तारा गेला आणि त्याच्या जागी चारही नावं ओळीत पसरली.

“बघा. आंधळ्यालाही दिसेल.”

मग बुवांचं खोटं त्यांच्या पदरात घालायचंच, म्हणून तिने सामाईक संगणकावरही तशाच फायली बनवल्या. t, तारा, टॅब.

काहीच झालं नाही. तारा जागचा हलला नाही.

तिने ओळ पुसली, पुन्हा लिहिली, टॅबवर बोट आपटलं. तारा तसाच. तिचा संगणक तिने कधीकाळी आपल्या हाताने आपल्या सवयीचा करून घेतला होता; टॅबने ताऱ्याची नावं उलगडणं ही त्यातलीच सोय. या सामाईक संगणकाला तसा कोणी हात लावला नव्हता.

“तुम्ही म्हणाला होतात,” बुवा हळूच म्हणाले, “टॅब दाबा, भलतं नाव दिसलं तर थांबा. नाहीतर खुशाल एंटर मारा.”

म्हणाली होती. घाईत, आपल्याच संगणकाकडे बघत. दुसरीकडे हे असं होत नाही, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

प्रयोगशाळेचे साहेब दारात डोकावले. “आवाज पुसले गेल्याचा अहवाल झाला का लिहून? चूक कोणाची ते स्पष्ट घाल. बुवांना उद्यापासून परत टपालाला पाठवतो.”

“घालते,” ती अशी काही तडकली की साहेब दारातूनच मागे फिरले.

तिने बुवांकडे पाहिलं नाही. कोरा कागद ओढला, आणि पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.