बूट काढून बसायची गाडी

किनुएने गाडीचं दार उघडलं, सवयीने बूट काढले आणि नुसत्या मोज्यांनी गवतात उभी राहिली.

"वहिनी, बूट घाला आधी," शेजारचा तोयोझो ओरडला. "इथल्या मातीला पाय लावायचा नाही, हे सकाळी तासभर शिकवलं ना आपल्याला?"

"यांच्या गाडीत बूट घालून बसायचं नाही," ती म्हणाली, बूट पुन्हा चढवले आणि तिचं तिलाच हसू फुटलं. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर मास्क, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, आणि बाईसाहेबांना काळजी कसली, तर नवऱ्याच्या गाडीतला गालिचा मळेल!

समुद्रातून त्सुनामी आली, फुकुशिमाच्या अणुभट्टीत स्फोट झाले आणि गाव रिकामं केलं, तेव्हा दोन-चार दिवसांत परत येऊ असंच सगळे धरून चालले होते. किनुएचा नवरा शुन्साकु तर गाडी पुसून, काचा घट्ट लावून मगच बसमध्ये चढला. त्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. मधल्या काळात विस्थापितांच्या छावणीत त्याला अर्धांगाचा झटका आला. काठी घेऊन चालता येत होतं, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि तेव्हापासून त्याने खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. गाडी आणायची परवानगी मिळाल्याचं किनुएने सांगितलं, तर "कुणासाठी?" एवढंच म्हणाला.

किनुएने मात्र मनाशी पक्कं केलं होतं. गाडी दारात आली की हा माणूस उठेल. तरीही उठला नाही, तर तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता. म्हणून जन्मात स्टिअरिंगला हात न लावलेली ही बाई चोरून गाडी शिकली, परीक्षेत आपटली, पुन्हा बसली आणि लायसन्स घेऊन आली. शुन्साकुची समजूत अशी की गाडी तोयोझो आणणार.

तोयोझोच्या स्वतःच्या ट्रकच्या वायरी उंदरांनी कुरतडून टाकल्या होत्या. उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर त्याने बरोबर आणलेली बॅटरी किनुएच्या गाडीला जोडली. किनुएने चावी फिरवली. नुसती खरखर. पुन्हा फिरवली. गाडी खोकली, हादरली, आणि धूर सोडत चक्क सुरू झाली. किनुएला इतका आनंद झाला की गिअर कुठला टाकायचा तेच ती विसरली.

रस्त्याच्या फटींतून गवत गुडघाभर वाढलं होतं. दोन्ही बाजूंना ओळखीच्यांच्या गाड्या टायर बसलेल्या अवस्थेत उभ्या होत्या. एरवी तिला रडू आलं असतं. आज हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे रस्त्यावरून हलत नव्हते. शेजारी तोयोझो पाय पोटाशी घेऊन बसला होता.

नाक्यावर तपासणी होती. किरणोत्सार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, तर गाडी कायमची आतच राहणार. तपासणीवाल्या मुलीने मापक टपावरून फिरवला, टायरांवरून, मग सीटखाली.

"बाहेरून मर्यादेत आहे," मुलगी म्हणाली. "आतून तर फारच स्वच्छ." मग तिने किनुएचे बूट काढायला लावले, आणि मोज्यांपाशी यंत्र कर्कश ओरडू लागलं.

"गाडी पास, बाई नापास," तोयोझो म्हणाला.

मोजे पोत्यात गेले. पाय धुऊन, तिथल्याच कागदी सपाता घालून किनुए निघाली, आणि वाटभर दोघं पोरांसारखी हसत राहिली.

छावणीत शिरताना मात्र तिचं हसू मावळलं. त्यांच्या खोलीसमोर तोयोझो गुपचूप उतरला. तिने हॉर्न दिला. दार उघडलं नाही. पुन्हा दिला, जरा लांबलचक, शेजारपाजारची डोकी बाहेर आली तरी सोडला नाही.

शुन्साकु काठी टेकत बाहेर आला. गाडीभोवती हळूहळू फिरला, टपावरून बोट ओढलं, धूळ बघून कपाळाला आठ्या घातल्या. चालकाचं दार उघडलं, तर आत बायको.

"तोयोझो कुठाय?"

"मीच आणली."

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. हात अजून स्टिअरिंगवरच होते.

"तू?" तो म्हणाला.

"अहो, बंद पडली तर पुन्हा सुरू व्हायची नाही."

त्याने दार लावलं. किनुएला वाटलं, संपलं. चालला परत भिंतीकडे. पण काठीचा आवाज गाडीपुढून वळून दुसऱ्या बाजूला आला. शुन्साकु तिच्या शेजारी बसला. दुबळा पाय त्याने हाताने उचलून आत घेतला, पट्टा लावला आणि समोर बघू लागला.

"समुद्राकडे नको," तो म्हणाला. "बाकी कुठंही ने."